श्यामरावांचा हातगुण आणि हलका स्टँड

आमचे हे बँकेत नेमकं काय करत, ते मला एकवीस वर्षांत नीट कळलं नाही. पण रविवारी ते काय करत, ते बालीगंजपासून डमडमपर्यंतच्या प्रत्येक मराठी आईला ठाऊक होतं. हे उपवर मुलींचे फोटो काढत.

स्थळं सगळी पुण्या-नागपूरची. नुसती मुलगी बघायला कोण एवढा प्रवास करणार? तेव्हा आधी फोटो जायचा, आणि तो पसंत पडला तर माणसं हावड्याला उतरायची. ह्यांच्या फोटोंवर ओळीनं नऊ मुली उजवल्या. झालं, श्यामरावांचा हातगुण म्हणून बोलबाला! आमच्या गल्लीच्या तोंडाशी चांगला स्टुडिओ होता, पण तिकडे कुणी ढुंकून बघायला तयार नाही.

आणि बाहत्तर सालच्या दुर्गापूजेपासून नेमका त्याच हाताला कंप सुटला. बशीत कप वाजायला लागला. मी चहा पाऊण कपच ओतू लागले, आणि पाऊणच का, हे त्यांनी विचारलं नाही. घरात माणसं दोन, दोघांनाही ठाऊक, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. मला फार भीती वाटत होती. भीती वाटली की मी चिडते. त्या महिन्यात मी दूधवाला, मोलकरीण आणि रेडिओ अशा सगळ्यांवर खेकसून घेतलं.

अशात सरोज राजाध्यक्ष आपल्या लेकीला, मीनाक्षीला घेऊन आली. नागपूरचं स्थळ होतं, मुलगा इंजिनियर. ह्यांचा कॅमेऱ्याचा जुना सागवानी स्टँड सहा किलोचा, कमरेत उसण भरल्यापासून तो माळ्यावर पडलेला. तेव्हा ढाकुरियाच्या तळ्यावर, उतरत्या उजेडात, ह्यांनी कॅमेरा हातात धरूनच बारा फोटो काढले. अकरा फोटोंत मीनूचे डोळे मिटलेले, नाहीतर ती खिदळत सुटलेली. बारावा बरा, पण सगळा हललेला.

"मऊ आलाय," हे म्हणाले. "हल्ली असंच कलात्मक असतं."

सरोजला लगीनघाई, तिनं तो तसाच नागपूरला धाडला.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. मुलाचे मामा डॉक्टर, त्यांनी लिहिलं होतं, 'मुलगी नाकीडोळी छान वाटते. एक विचारतो, राग मानू नये. मुलीला कंपाचा काही विकार आहे काय?'

घ्या! अहो, त्या फोटोत मागचा पिंपळसुद्धा थरथरत होता. पण पिंपळाकडे कोण बघतंय? त्यांना पिंपळ थोडाच सून करून घ्यायचा होता!

"मी थरथरते?" मीनू आमच्या दारातच कडाडली. "काका, मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन आहे!" डोळे मात्र भरलेले. त्या मुलाचा फोटो तिच्या पर्समध्ये असतो, हे मला कळलं होतं.

"स्टँड नव्हता ना, म्हणून झालं," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक हलका स्टँड घेऊ. दुसरा फोटो असा खणखणीत काढतो, की मामा गप्प."

शनिवारी बँक लवकर सुटल्यावर ट्रामनं धर्मतल्याला गेलो. कॅमेऱ्यांचे दुकानदार दत्तबाबू म्हातारे, गोड बोलणारे. त्यांनी काचेच्या पेटीवर स्टँड मांडायला सुरुवात केली आणि मी एकेक हातात घेऊन, बाजारात दुधी तोलतात तसा तोलायला. पहिला जर्मन. भक्कम, पण माळ्यावरच्या सागवानीचा सख्खा भाऊ. दुसरा हावड्याच्या कारखान्यातला, अॅल्युमिनियमचा. पिसासारखा हलका; पण उघडून उभा केला तर नुकतं जन्मलेलं वासरू बरं.

मग दत्तबाबूंनी आतून एक दांडा आणला. "बौदि, ये मोनोपॉड. एकही पाँव." बौदि म्हणजे वहिनी.

मिटला की छत्रीएवढा, वजन म्हणाल तर नाहीच. हे त्याच्यावर भाळलेच. चारदा उघडला, चारदा मिटला, दुकानभर टेकत फिरून आले.

"बघ ना," माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लोकांना वाटेल, काठी आहे. जरा टेकून उभं राहता येईल. कुणाला काही कळायचं नाही."

"अहो, पण एकपायी वस्तू आपली आपण उभी राहते का?" मी फाडकन बोलून गेले. "तिला धरायला हात चांगला..."

आणि जीभ चावली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो दांडा हळूच काचेवर ठेवला.

"खरं आहे तुझं," म्हणाले.

मला अस्सं रडू आलं! ते दिसू नये म्हणून मी दत्तबाबूंशी भांडण काढलं. एका खलाशानं विकलेला, दीड किलोचा जपानी ट्रायपॉड त्यांनी दाखवला होता; त्याच्या एका पायाचं रबर झिजलंय म्हणून मी बिचाऱ्यांना असं झापलं, की त्यांनी नवं रबर बसवून वर सरबत पाजलं. तोच घेतला.

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर फोटो. हिवाळ्याचा वारा सुटलेला, आणि आमचं जपानी पाखरू तीन पायांवर लटपटतंय. ह्यांनी डोकं खाजवलं, खाली गेले, आणि माझी बटाट्यांची पिशवी आणून स्टँडच्या मधोमध टांगली. स्टँड गपकन स्थिर.

"आधी हलका घ्यायचा आणि मग जड करायचा!" मी म्हटलं. "मग सागवानी काय वाईट होता?"

"सागवानीची भाजी होत नाही," हे म्हणाले. खूप दिवसांनी असे बोलले.

कॅमेऱ्याला त्यांनी हातभर लांब वायर लावली होती. तिचं बटण दाबलं की फोटो निघायचा, हात कॅमेऱ्याला लागायचाच नाही. बटणावरचा त्यांचा अंगठा थडथडत होता, वायर लुळी लोंबत होती, आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मीनूनं मात्र अंगठा पाहिला. तिचं खिदळणं थांबलं. ती सरळ उभी राहिली आणि बाराही फोटो होईपर्यंत तिनं पापणीसुद्धा लववली नाही.

पुढच्या रविवारी सगळे बघायला बसलो, तर फोटो असे स्वच्छ आले, की साडीच्या काठावरची वीण मोजून घ्या.

"हाच पाठवू," सरोज म्हणाली. "पहिल्याबद्दल अवाक्षर लिहायचं नाही."

"आणि त्यांनी जे विचारलंय त्याचं काय?" मीनू उसळली. "त्यांना वाटेल, औषध पाजून उभी केली!"

तेव्हा हे म्हणाले, "सरोजताई, कंप मला आहे. मी लिहितो तसं मामांना."

एवढे दिवस जे घरात कुणी उच्चारलं नव्हतं, ते ह्यांनी असं चारचौघांत बोलून टाकलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि राग पण आला, की आधी मला का नाही सांगितलंत!

"छे छे!" सरोज घाबरली. "हे बाहेर फुटलं तर तुमच्याकडे फोटोला कोण येईल, श्यामराव?"

"नाही आलं तर नाही आलं. पोरीच्या माथी माझं दुखणं कशाला?"

ते टेबलाशी बसले. टाक हातात धरला, तर निबाचा कागदावर ताशा वाजायला लागला. मला बघवेना.

"अहो, मी लिहिते," मी म्हटलं. "माझं अक्षर चांगलं आहे. तुम्ही खाली सही करा."

"तुझ्या चांगल्या अक्षरावर डॉक्टरांचा विश्वास कसा बसेल?"

चार ओळी लिहून होईपर्यंत दुपारची जेवणवेळ झाली. 'स. न. वि. वि. मुलगी निरोगी आहे. पहिला फोटो काढताना हललो तो मी. कंप माझ्या हाताला आहे. खात्रीसाठी हेच अक्षर पाहावे.' अक्षर कसलं, ओळींवरून मुंग्या पांगल्या होत्या. मी ते तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा पदर डोळ्यांना लावला.

पाकिटावरचा पत्ता मात्र मी लिहिला. पत्र पोचायला तर हवं होतं.