मल्लेश्वरीची जोडहोडी

मल्लेश्वरीचा नवरा राजशेखर गोव्यात होड्यांच्या कारखान्यात कामाला होता, तेव्हा तीही त्याच्याबरोबर जायची. साच्यात फायबरची चादर अंथरायची, वरून चिकट रेझिन चोपडायची. कारखान्याचं काम मंदावलं तसं दोघं अफजलपूरला परतली आणि शेड टाकून दारं, टाक्या, जनावरांच्या गव्हाणी बनवू लागली. धंदा बरा चालला. पण शर्यतीच्या जोडहोड्या काही तिच्या डोक्यातून जाईनात. दोन सडपातळ होड्या आडव्या नळ्यांनी जोडलेल्या, मधे जाळी, वर उंच शीड. गोव्यात असताना तिनं त्यांना पॉलिश भरपूर मारलं होतं, बसायला मात्र एकदाही मिळालं नव्हतं.

मग एका आषाढात भीमेच्या बंधाऱ्यामागच्या पाण्यावर दोन्ही काठांच्या गावांनी शिडाच्या होड्यांची शर्यत भरवली. पलीकडच्या काठाचे म्हातारे हणमंतराव त्यात आरामात जिंकले. मल्लेश्वरी काठावर उभी राहून बघत होती. घरी आल्या आल्या तिनं राजशेखरला सांगून टाकलं, "पुढच्या साली आपुन उतरायचं."

साचा कुठला वापरायचा, तर हाताशी होता तो गव्हाणीचाच. त्यातून दोन रुंद होड्या काढल्या, जोडल्या, पाण्यात सोडल्या. वारा भरपूर होता, शीडही फुगलं, पण होडी आपली पुढं पाण्याचा ढीग लोटत रेड्यासारखी चालली. रुंद पोट पाण्याला बाजूला ढकलतं आणि सगळा जोर लाटा उठवण्यातच जातो, हे तिला काठावर परत येईपर्यंत कळून चुकलं. घरी येऊन तिनं करवत घेतली. राजशेखर म्हणाला, आधी जेवून तर घे. ती जेवली आणि मग होड्या कापायला बसली.

नवी जोडी तेवढीच लांब, पण रुंदीला जेमतेम दीड वीत. ही मात्र सुरीसारखी पाणी कापत गेली. मागं लाट अशी उठतच नव्हती. मल्लेश्वरी सुकाणूवर, राजशेखर शिडाच्या दोरीवर. वेग एवढा की नळ्या गुणगुणायला लागल्या. दोघंही खुळ्यासारखी हसत होती, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, वाऱ्याकडची होडी उचलली गेली आणि दुसरीची नाळ, म्हणजे पुढचं नाक, सरळ पाण्यात घुसली. मागची बाजू आभाळात, दोघं शिडाच्या पलीकडं पाण्यात.

राजशेखरच्या खांद्याला मार बसला. लोक म्हणायला लागले, बास झालं आता. त्याची बहीण हेमावती तर चिडलीच, गव्हाणी करायच्या सोडून मरायला कामून निघालात म्हणाली. मल्लेश्वरीनं दोन्हीपैकी एकच होडी सोडवून गावतळ्यात नेली, दोन्ही टोकांना बाकं बांधली आणि चौघांना बसवलं. होडी काठोकाठ बुडाली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं वजन दोन्ही होड्यांत निम्मं निम्मं वाटून धरलं होतं, पण वाऱ्यात एक होडी हवेत जाते आणि सगळा भार दुसरीवर येतो.

"एका होडीनं एकटीनं समदं पेललं पायजे," ती राजशेखरला म्हणाली. "आन् नाकात जीव पायजे. नाक बुडालं की आपुन गेलो."

तिसऱ्या जोडीला तिनं पाण्याजवळची धार बारीकच ठेवली, पण वरचं अंग फुगवलं, म्हणजे नाळ बुडायला लागली की पाणीच तिला वर ढकलेल. मागची बाजू सपाट कापली, पाणी तिथं चिकटून न राहता सुटावं म्हणून. आडव्या नळ्या जाड घातल्या. खांदा बरा व्हायची वाट बघत राजशेखर एका हातानं घासकाम करत राहिला.

शर्यतीच्या दिवशी वारा असा होता की टोप्या जागेवर राहत नव्हत्या. लांबवर तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं. हणमंतरावांची होडी पहिल्यापासून पुढं. पिंप वळेपर्यंत मल्लेश्वरी मागंच होती, कारण जोडहोडी वळायला जड. पण वळल्यावर वारा आडवा मिळाला आणि जोडीतली एक होडी पाण्यावेगळी झाली.

"मागं सरका ओ, मागं!" ती ओरडली. दोघं अगदी टोकाला जाऊन बसली. मोठा झोत आला. नाळ खाली गेली, पाणी वरून वाहिलं आणि नाळ परत वर आली. हणमंतराव बाजूनं मागं पडताना दिसले, मग दिसेनासेच झाले. काठावरच्या गर्दीचा आवाज तिला किनारा लागल्यावर ऐकू आला, तोवर कानात नुसतं पाणी आणि वारा.

हणमंतराव होडी ओढून सरळ तिच्याकडं आले. नाळेवरून हात फिरवला, मागचा कापलेला भाग वाकून बघितला.

"मला बसवतीस का?" त्यांनी विचारलं.

"बसा की मामा. पर मागच्या अंगाला."

राजशेखरची जागा त्यांना मिळाली. पाण्यात एक होडी वर उचलली गेली तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी नळी घट्ट धरली ती पिंपापर्यंत सोडली नाही. परत आल्यावर हणमंतराव उतरायला तयार होईनात.