मला न दिसलेला उजेड

सोळा वर्षं मी डोळे मिटून बसले आणि मला फक्त अंधार दिसला. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. सेलूला आमच्या घरी दर गुरुवारी पंधरा-वीस बाया नामस्मरणाला जमतात. पोथी मी वाचते, म्हणून माझी साधना मोठी असं सगळ्या धरून चालत. मीही तसंच धरून चालले होते.

मग कमल यायला लागली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, रोजानं कापूस वेचणारी, अक्षरओळख नसलेली. दाराजवळ बसायची. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी स्मरण संपलं तरी तिचे डोळे उघडेनात. उघडले तेव्हा साधेपणाने म्हणाली, की आत दिवा लावल्यासारखा उजेड पडला होता. बायांनी तिला पुढे बसवलं, एकदोघी तर पाया पडल्या. तिच्या हातावर खडीसाखर ठेवताना माझा हात आखडला. त्यानंतर स्मरणात माझ्या मनात नाम नसे, कमल असे. डोळे किलकिले करून मी तिचा चेहरा बघायची. ती खोटं बोलते, अशी मनाची समजूत घालून पाहिली. तेही जमलं नाही, कारण तो चेहरा खोटा नव्हता.

माघात आम्ही जीप करून चारठाण्याला जुन्या देवळांच्या दर्शनाला गेलो. महादेवाच्या एका देवळात सगळ्या बाहेर पडल्यावर मी मुद्दाम गाभाऱ्यात मागे राहिले. तिला दिसतं ते मला आज इथे दिसलंच पाहिजे, असा हट्ट धरून बसले. काहीच दिसलं नाही. रागारागाने उठले, तर झिजलेल्या पायरीवर पाय मुरगळला आणि खाली बसले. हाक मारायचीही लाज वाटली.

शोधत आली ती कमलच. तिने माझा पाय मांडीवर घेतला, डोक्याचा रुमाल सोडून घोट्याला बांधायला लागली. तो मायेचा हात मला सोसेना.

"कमल, मी तुझा दुस्वास करते," मी म्हणाले. "तुला दिसतं, मला इतक्या वर्षांत काही दिसलं नाही."

ती गाठ मारता मारता थांबली. "ताई, मला दिसलं म्हनून मी येते. तुमी तर काहीच न दिसता बसायलात. मला न्हाई जमलं असतं तसं."

मी तिथेच तोंडाला पदर लावून रडले. ती म्हणत होती तेवढी मी मोठी नव्हते. मी बसत होते ते मोबदल्यासाठी. तरीही इतकी वर्षं कुणीतरी मला न चुकता आसनावर आणून बसवलं होतं, आणि ते बळ माझं नव्हतं. एवढंच त्या काळोखात लख्ख कळलं. कमलने अर्धी राहिलेली गाठ पक्की केली. मग मला धरून तिने बाहेर आणलं.

अजूनही डोळे मिटले की अंधारच असतो. मत्सर अधूनमधून डोकं वर काढतो. तोही मी देवाच्याच पायाशी ठेवते, कारण ठेवायला दुसरी जागा नाही. मागणं तेवढं सुटलं. ज्याने न दिसता मला धरून ठेवलं, त्याने हवं तेव्हा दिसावं, नाहीतर न दिसावं. माझं बसणं आता त्याच्या हाती आहे.