हरला त्यानं आधी सांगायचं

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तालमीच्या आखाड्यावर उघडते. रोज ओटा पुसायचा आणि रोज त्यावर तांबडी माती बसायची, असं वर्षानुवर्षं चाललंय. मातीबरोबर किस्सेही आत येतात. माती पुसली की जाते, किस्से मात्र साठत राहतात, आणि कुणाला सांगितले नाहीत तर माझं पोट दुखतं. लोक म्हणतात, मी कान लावून बसते. कान लावावा लागतच नाही हो, तालमीचा पत्राच माझ्या भिंतीला टेकलाय.

*

आमच्या शंकर वस्तादांची एक रीत आहे, दुसऱ्या कुठल्या तालमीत मी ती ऐकली नाही. कुस्ती झाली की अंगावरची माती न झाडता दोघांनी उभं राहून ती उलटी सांगायची. पाठ टेकली तिथून सुरुवात. मग त्याच्या आधी काय झालं, त्याच्याही आधी काय, असं करत पार सलामीपर्यंत मागं जायचं. आणि हरला त्यानं आधी सांगायचं. वस्तादांचं म्हणणं, अंग कुणाचंही बनतं, डोकं असं बनतं.

शेजारच्या संदीपची आरू, पाचवीतली, पहिल्याच दिवशी सपशेल पाठीवर पडली. वस्ताद म्हणाले, सांग.

"मी पडले."

त्याच्या आधी?

"पडत होते."

त्याच्या आधी? बराच विचार करून पोरगी म्हणाली, "उभी होते."

वस्ताद अगदी गंभीरपणे म्हणाले, "बास. आज एवढंच ध्यानात ठेव. उभी व्हतीस."

*

संदीप हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. त्यामुळे जगातलं सगळं ज्ञान त्याला मागच्या सीटवरून मिळतं. कोलेस्टेरॉल, शेअर मार्केट, नवरा-बायकोचं पटत नसेल तर काय करावं, काहीही विचारा. एकदा मागच्या सीटवरची एक मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होती, की लहानपणी डोकं आपटलं तर मेंदूची वाढ खुंटते. झालं! घरी आला तो चपला काढायच्या आतच म्हणाला, "उद्यापास्नं कुस्ती बंद. मेंदूचा प्रश्न हाय."

सुनीता, त्याची बायको, भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी कवा खेळला व्हता कुस्ती?"

त्यावर बरंच काही झालं, ते सोडा. शेवटी तह ठरला. जत्रेपर्यंत आरूच्या डोक्यावर नजर ठेवायची. तल्लख झालेलं दिसलं तर तालीम चालू, नाहीतर महाळुंग्याला अबॅकसचा क्लास. आरू त्या रात्री कुस्तीचा कॉस्च्युम उशाखाली घेऊन झोपली. कुणी न्यायला नको म्हणून.

*

मग काय, जो तो आरूचं डोकं तपासायला लागला. संदीपनं स्वतः तिला सतराचा पाढा विचारला. पोरगी दहाव्या पायरीवरून सुरू झाली आणि न अडखळता खाली सतरापर्यंत उतरली. मला तर कौतुक वाटलं. मी सातवी शिकलेय, मला तो सरळसुद्धा येत नाही.

संदीप कपाळाला हात लावून म्हणाला, "वहिनी, बघितलंत? पोरीचं डोकंच उलटं फिरलंय."

*

तालमीतला गण्या म्हणजे पूर्वीची भिंगरी. शाळेत एका जागी बसला तर बाई हजेरी परत घ्यायच्या. तालमीत जायला लागल्यापासून तो एकदम शांत. वर्गात टक लावून बाईंकडे बघत बसायचा. बाईंना वाटलं, याला ताप आहे.

खरी गोष्ट नंतर कळली. वस्ताद पोरांना शिकवतात, समोरच्याच्या डोळ्याकडे बघू नका, पायाकडे बघा, वजन कुठल्या पायावर जातंय ते बघा. गण्यानं शोधून काढलं होतं की बाईंचं वजन डाव्या पायावर गेलं की त्या फळ्याकडे वळतात. तेवढ्यात चिंचा पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचायच्या.

बाई तालमीच्या दारात तक्रार घेऊन आल्या. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना म्हणाले, "बाई, तुमी वजन दोन्ही पायांवर ठेवत जा."

*

आता माझीच गोष्ट. मीही आरूची परीक्षा घेतली. काही लिहून न देता तिला दुकानात पाठवलं. जिरं, मोहरी, साबण, उदबत्ती, सगळं बरोबर घेऊन आली. मी सहज विचारलं, दुकानात कोण कोण होतं गं?

ती सवयीप्रमाणे सरळ उभी राहिली. "शेवटी सगळ्या बाया हसल्या. त्याच्या आधी दुकानवाली काकी म्हणाली, 'व्हय की, अगदी तशीच हाय ती.' त्याच्या आधी तुमचं नाव निघालं. त्याच्या आधी..."

मी तिच्या तोंडात लाडू घातला. जन्मात पहिल्यांदाच मी आधीचं काही विचारलं नाही.

*

जत्रा आली. आरूची जोड लागली ती तिच्याहून चांगल्या दांडग्या पोरीशी. संदीप पहिल्या रांगेत, गॉगल लावून. आरू बरी खेळत होती, आणि एकदम काय झालं कुणास ठाऊक, त्या पोरीनं तिला खाली घेतली आणि पाठ टेकवली. डोकं कुठं आपटलं नाही. पण संदीप सारखा डोक्याकडेच बघत होता.

पुढची जोड आत येत होती, तरी आरू हलेना. माती न झाडता उभी राहिली आणि सांगायला लागली. पंचांना वाटलं, पोरीची काही तक्रार आहे. त्यांनी माईक तिच्यापुढे धरला. सगळ्या जत्रेनं ऐकलं.

"माझी पाठ टेकली. त्याच्या आधी तिनं माझा पाय धरला. त्याच्या आधी माझं ध्यान न्हवतं. त्याच्या आधी पप्पा उठून उभं ऱ्हायलं आन् वरडलं, डोकं सांभाळ. म्हणून मी तिकडं बघितलं."

सगळी जत्रा पहिल्या रांगेकडे वळली. संदीपनं गॉगल काढला, पुसला, परत लावला.

*

घरी आल्यावर त्यांच्या अंगणात जुंपली. माझी दुसरी खिडकी त्या अंगणावर आहे, त्याला मी काय करू? संदीपनं कॉस्च्युम गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. तालीम संपली, सोमवारपासून अबॅकस. चारचौघांत बापाचं नाक कापलं, हीच का अक्कल आली, असं त्याचं चाललेलं. सुनीताही काही कमी नाही. ती जत्रेपासून निघाली ती थेट लग्नातल्या मानपानापर्यंत पोचली.

तेवढ्यात आरू घरातून बाहेर आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज अगदी वस्तादांचा.

"झाली का तुमची? आता उलटी सांगा. हरला त्यानं आधी."

जो आधी बोलेल तो हरला, त्यामुळे कुणी तोंडच उघडेना. सुनीतानं ताटं वाढली, संदीप जेवला, भांडी घासून झाली, दिवा मालवला, शब्द नाही. असा शांत शेजार मला कधी मिळाला नव्हता आणि कधी आवडलाही नाही.

सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. आरू पायरीवर बसलेली, तालमीच्या वाटेकडे बघत. सुनीता अंगण झाडत होती. संदीप ड्युटीचा शर्ट घालून बाहेर आला. फोन वाजत होता, हिंजवडीची मॅडम असणार. त्यानं तो बंद केला. डिकी उघडली, कॉस्च्युम काढला, झटकला आणि आरूच्या मांडीवर ठेवला. मग तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि सुनीताकडे बघत हळूच म्हणाला, "मी सांगतो आधी."

सुनीताचा झाडू थांबला.

आरू म्हणाली, "बसून न्हाई, पप्पा. उभं ऱ्हाऊन सांगायचं."

आणि संदीप उभा राहिला.