चुन्याने आखलेले बंदर

श्रीधरपंत चौबळ यांची आणि माझी पहिली भेट रोह्यात, माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात झाली. क्लास म्हणजे स्टेशनजवळच्या चाळीतली एक खोली, दोन यंत्रे आणि ती बंद पडू नयेत म्हणून मी बोललेले नवस. नव्वदचे दशक नुकते कुठे सुरू झाले होते. साठीला टेकलेले, छत्री बगलेत धरलेले गृहस्थ पाहून मला वाटले, नातवाचे नाव घालायला आले असावेत. ते म्हणाले, "नाव माझंच घालायचं आहे. पेणहून येतो, गाडीची वेळ तेवढी सांभाळून घ्या." मग खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारले, "हे यंत्र दुसऱ्या गावच्या यंत्राशी बोलतं का?" टेलिफोनची तार असली तर बोलते, असे मी सांगितले. "आणि यंत्र खाडीकाठच्या मिठाच्या गोदामात असलं तर?" हे गृहस्थ थोडे सरकलेले दिसतात, असे माझे मत झाले. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहितानाही ते मत मी पुरते बदललेले नाही, एवढे त्यांच्या चाहत्यांनी सोसावे.

चौबळसाहेब नगररचना खात्यात आयुष्यभर नोकरी करून पेणला घरी परतले होते. पेणजवळच्या खाडीवरचे जुने मीठबंदर त्यांच्या लहानपणी गजबजलेले असे. मिठाची गोदामे, भाताची गिरणी, कौलांची भट्टी, धक्क्याला लागलेले पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या. पुढे मीठ ट्रकने जाऊ लागले, पडाव येईनासे झाले, गिरणी बंद पडली. राहिली ती मिठागरांत राबणाऱ्या कुटुंबांची वाडी, गोदामांच्या भिंतीला टेकून. हे सगळे पुन्हा जागे करायचे साहेबांनी मनावर घेतले. गोदामांत गणपतीचे कारखाने आणायचे, रंगाऱ्यांना आणि छपाईवाल्यांना जागा द्यायची, गिरणीच्या शेडमध्ये नाटकाच्या तालमी करायच्या आणि मधोमध तारेने जगाशी जोडलेली एक खोली ठेवायची. वाडीतल्या मुलांनी तिथे बसून मुंबईचे काम करावे आणि जेवायला घरी जावे, असे ते म्हणत. त्यांची अट एकच होती. वाडीतले एकही घर हलता कामा नये. तसा शब्द त्यांनी वाडीला देऊन ठेवला होता.

त्यांची काम करण्याची रीत मी अन्यत्र कुठे पाहिली नाही. घराचा पाया खणण्यापूर्वी गवंडी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून आखणी करतात, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. चौबळसाहेब सगळा नकाशाच तसा जमिनीवर काढत, खऱ्या मापाचा. दोरी, खुंट्या आणि चुन्याचे घमेले घेऊन, बंदरासाठी त्यांनी जमवलेल्या समितीतले आम्ही तीन-चार जण त्यांच्या मागून हिंडायचो. आखणी झाली की ते वाडीला बोलावत आणि म्हणत, "आता यातून चाला, आणि कुठं अडतंय ते सांगा." कागदावरच्या नकाशापुढे माणसे नुसती मान डोलावतात, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या आखणीच्या वेळी येसूबाई नावाच्या, मिठागरात मीठ ओढणाऱ्या बाई सगळ्या रेघांतून दोनदा फिरून आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सायेब, समदं बेस हाय. पन माजी चूल कुठं हाय यात?" साहेबांनी पायाने एक रेघ पुसली, दोरी पुन्हा ताणली आणि गोदामाचा व्हरांडा आखूड करून टाकला. वर आम्हाला म्हणाले, "बघितलंत? खात्यात हे कळायला तीन फायली लागल्या असत्या."

त्यांच्या स्वभावातला ओलावा मात्र ते रागाआड दडवून ठेवतात. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा क्लास बंद ठेवायचे मी ठरवले. साहेब कडाडले, "पोरांनी फी कशाला भरलीय?" आणि रोज पेणहून येऊन स्वतः शिकवू लागले. आदल्या संध्याकाळी पुस्तकातून धडा पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी तो शिकवायचे. मुलांनी पुढचे काही विचारले की गंभीरपणे म्हणायचे, "ते उद्या." आई गेली त्या दिवशीही त्यांनी आधी वर्ग पुरा केला, मग आमच्याकडे आले आणि संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिले. ते बसणे मला फार आधाराचे वाटले. अजून आठवले की डोळे भरतात.

पुढे एक गोदाम खरोखर उघडले. मूर्तिकारांची दोन बिऱ्हाडे आली, टेलिफोन आला, आणि मी माझ्या दोनांतले एक यंत्र उचलून तिथे नेले. ज्या दिवशी एका गणपतीचे चित्र तारेवरून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेले, त्या दिवशी सगळी वाडी गोदामात दाटीवाटीने उभी होती. चित्र पोहोचेपर्यंत चहा निवून गेला. पलीकडून "मिळालं" असा फोन आला तेव्हा साहेब लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. पण मिठाच्या गोदामाच्या भिंती वर्षानुवर्षे मीठ धरून ठेवतात, पावसाळ्यात त्यांना घाम फुटतो, हे आम्ही खाडीकाठची माणसे असून विसरलो. चार महिन्यांत यंत्राचे पोट गंजून हिरवे पडले. मला रडू फुटले, तर साहेब म्हणाले, "मास्तरीणबाई, गोदामानं आपला धंदा सोडलेला नाही." दुसरे यंत्र त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणले आणि वरच्या कोरड्या माडीत बसवले.

हे पाहूनच मोठी मंडळी बंदराकडे वळली. पैसा उभा राहिला, मंजुरीचे शब्द कानावर येऊ लागले, आणि दशकभर ज्याची वाट पाहिली ते हाताच्या अंतरावर आले. फक्त पैसे घालणाऱ्यांचे म्हणणे असे पडले, की धक्क्यापर्यंत रुंद गाडीरस्ता हवा, आणि तो वाडीतूनच जाईल. घरांना महामार्गापलीकडे जागा देऊ. साहेब पुष्कळ भांडले. रस्ता गिरणीमागून वळवून दाखवला. कोणी ऐकले नाही. शेवटी समितीतल्या आम्हीच त्यांना गळ घातली, की सगळेच घालवण्यापेक्षा एवढे मान्य करा. ते म्हणाले, "ठीक आहे. आधी आखून पाहू."

त्या सकाळी दोरी मी धरली होती. साहेब वाकून फक्की टाकत पुढे सरकत होते. रेघ येसूबाईंच्या अंगणात शिरली. अंगणात सुकट वाळत घातली होती. वाडीला अजून कोणी काही सांगितलेले नव्हते. येसूबाई लगबगीने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांबा सायेब, सुकट उचलते, मंग मारा तुमची फक्की." सुकट गोळा करून त्यांनी उंबऱ्यापुढची जागा केरसुणीने झाडली आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. साहेबांनी उंबऱ्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि घमेले खाली ठेवले. "आज नको," एवढेच म्हणाले. दुपारच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकले, की या नकाशावर त्यांची सही राहणार नाही.

पैसा दुसऱ्या गावी गेला. मूर्तिकार आपापल्या आळीत परतले. टेलिफोन कापला गेला. साहेबांना लोक काय काय बोलले ते इथे लिहिण्याजोगे नाही. वाडी राहिली, हेच मोठे समाधान होते, पण तेही फार टिकले नाही. मिठागरे बसत चालली होती. डोलवीच्या बाजूला कंपनीत ठेकेदाराकडे काम मिळू लागले, आणि शिफ्टच्या वेळा सांभाळायला पोरे तिकडेच खोल्या घेऊन राहू लागली. त्यांच्यामागून म्हातारीकोतारी गेली. शेवटचे घर येसूबाईंचे बंद झाले. मी संतापून साहेबांना विचारले, "मग कुणासाठी सोडलंत हे सगळं?" ते म्हणाले, "ते गेले ते त्यांच्या मर्जीनं. मी नाही घालवले." हे उत्तर मला तेव्हा पटले नाही, आणि पूर्ण आजही पटत नाही. त्यांनी आणखी भांडायला हवे होते असे मला वाटते. तरीही त्या सकाळी घमेले उचलून ते पुढे गेले असते, तर आज हा लेख लिहायला मी बसले नसते.

आमच्या समितीचे अध्यक्ष त्यांना बंदराचे शिल्पकार म्हणतात. बंदरावर आज कुलुपे आहेत आणि गवत आहे. साहेब मात्र रोज संध्याकाळी काठी टेकत तिथे जातात. रिकाम्या घरांपुढचे रान काढतात. पावसाआधी या वयात शिडी लावून फुटकी कौले बदलतात. विचारले तर म्हणतात, "माणसं आली तर गळायला नको."

गेल्या महिन्यात मी डोलवीला येसूबाईंकडे जाऊन आले. या ग्रंथासाठी त्यांचे चार शब्द हवे होते. त्यांनी चार शब्द दिले ते असे: "सायबाना सांग गो बाय, रोज बंदरावं जाऊन बसू नका. आमी काय परत येनार नाय. हितं नल हाय, लाईट हाय, पोराची शिफ्ट हाय. आमचं बरं हाय. तुमी कौलं बदलाया शिरीवर चरू नका म्हनावं, पराल." त्यानंतर दोनदा मी पेणला उतरले, साहेबांच्या घरी चहा घेतला आणि काही न बोलता रोह्याला परतले. तोंडाने सांगणे मला जमले नाही. ते हा ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार हे ठाऊक आहे, म्हणून इथे सांगते.

साहेब, आता तिथे कोणी यायचे नाही. कौले राहू द्या. दिलेला शब्द तुम्ही पाळलात, त्याची राखण आता करायला नको. तुमच्या गुडघ्यांत बळ राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आमच्यावर कडाडायला आवाज शाबूत राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षे तुम्ही स्वतःसाठी जगा. येसूबाईंनी तुम्हाला खोलीवर जेवायला बोलावले आहे. तुम्ही दिवस सांगा. मी रोह्याहून येते, आपण दोघे जाऊ.