गोष्ट मोडायची नसते

क्रुकबुई या समुद्रकाठच्या गावच्या ब्यार्टलाला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. सहीच्या जागी तो फुली मारायचा, तीही नाखुशीनं. त्याच्याकडे सत्तरेक गोष्टी होत्या. बऱ्याचशा अर्धा पाइप ओढून होईतो आटपणाऱ्या. एक मात्र गाय पिळून झाल्यापासून जपमाळेच्या वेळेपर्यंत अख्खी संध्याकाळ खाणारी : लाटांखालच्या राजाच्या धाकट्या मुलाची. ती त्यानं एका फिरत्या शिंप्याकडून उचलली होती. आपल्याकडची रीत अशी, की ज्याची गोष्ट तो समोर बसला असताना दुसऱ्यानं ती सांगायची नाही. शिंपी पुढे याच गावात स्थायिक झाला आणि चिवट निघाला. अकरा हिवाळे ब्यार्टला त्याच्यासमोर बसून ‘मला कुठल्या येतात गोष्टी’ म्हणत राहिला. शिंप्याला पुरून आला त्याच संध्याकाळी त्यानं चुलीपाशी बसून घसा साफ केला. आदर असावा तर असा, असं लोक म्हणाले.

त्याची मुलगी सायवीन चुलीपासून सगळ्यात लांबच्या बाकावर मोजे विणत ऐकायची. भुताखेतांच्या गोष्टी बायकांनी सांगाव्यात, मयतावर रडावं; राजे आणि तलवारी पुरुषांकडे. तरी तिला ती गोष्ट पाठ होती. विणताना ओठ हलायचे.

“टाके मोजतेस की राजपुत्र?” शेजारीण नापला विचारायची.

“दोन्ही. एकही गळत नाही,” सायवीन म्हणायची.

सायवीन अडतिसाव्या वर्षात होती त्या नोव्हेंबरात तिचा धाकटा भाऊ फेश्टी डांबर फासलेली कापडी होडी घेऊन सकाळी जाळी उचलायला गेला. संध्याकाळी परतला नाही तेव्हा तो बेटावर मावशीकडे थांबला असणार, असं सगळे धरून चालले. मावशीकडे थांबायची त्याला खोडच होती. घरात दहा-बारा माणसं जमली होती आणि ब्यार्टला गोष्ट सांगत होता, नेहमीसारखे डोळे मिटून. राजपुत्र तलवारीवरचा गंज घासायला बसला, तेवढ्यात वरच्या आळीतला कोलमन दारात आला.

गोष्ट रंगात आलेली त्यानं पाहिली आणि तो तिथंच थांबला. गोष्ट मोडायची नसते. मोडली तर सांगणाऱ्याला अपशकुन होतो, आणि मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. कोलमन रीतभात सांभाळणारा माणूस होता. सवा तास तो उभा राहिला. सगळ्यांची तोंडं चुलीकडे होती. दाराकडे तोंड करून एकटी सायवीन बसली होती. कोलमनच्या एका हातात टोपी होती, तिच्यातून पाणी गळत होतं. दुसऱ्या हातात फेश्टीचं वल्हं होतं.

सायवीननं ते ओळखलं. तिनं खाली पाहून टाके मोजले.

गोष्ट संपली, लोकांनी सांगणाऱ्यासाठी देवाकडे आयुष्य मागितलं, आणि मग कोलमन बोलला. सवा तासानं काही फरक पडला नसता, असं नंतर सगळ्यांनी हिशेब करून सांगितलं. ओहोटी कधीच लागली होती. खरंही असेल. त्या वेळी तू कुठं बघत होतीस, असं सायवीनला कोणी विचारलं नाही.

फेश्टी सापडला नाही. ब्यार्टला रडला नाही, बटाटे खात राहिला, रविवारी चर्चला जात राहिला. गोष्ट सांगा म्हटलं तर ‘नाहीत आता’ म्हणायचा. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्यावर घरधनीण म्हणते तसं. सायवीनचंही तसंच झालं होतं. चुलीशी हात भाजला तर तिला ते वासावरून कळायचं.

दोन वर्षांनी जुन्या गोष्टी गोळा करणाऱ्या डब्लिनच्या एका कचेरीनं प्रॉन्शस नावाचा पंचविशीतला तरुण सायकलवरून पाठवला. मागं आवाज टिपायचं यंत्र बांधलेलं, पेटीत आवाज कोरून ठेवायच्या मेणाच्या नळ्या. तीन दिवस तो येत राहिला. ब्यार्टलानं त्याची तंबाखू घेतली, तो वाऱ्याविषयी बोलला, वासरांविषयी बोलला, आणि गोष्टींचा विषय निघाला की खिडकीबाहेर पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी प्रॉन्शसनं सायवीनपाशी गाऱ्हाणं मांडलं, की राजपुत्राची गोष्ट आता एकट्या तुमच्या वडिलांपाशी उरली आहे. ते गेले की तीही गेली.

“मला येते,” सायवीन म्हणाली. हे आपण बोललो, हे तिला जरा उशिरा कळलं.

त्यानं यंत्र टेबलावर मांडलं. पण ब्यार्टला खुर्चीत बसला होता, आणि गोष्ट त्याची होती. सायवीन उभीच राहिली. तोंड उघडलं तर रीत मोडली, नाही उघडलं तर गोष्ट बुडाली. बापाला विचारावं तर गेल्या दोन वर्षांत त्यानं कुठल्याच गोष्टीला हो किंवा नाही म्हटलं नव्हतं.

ब्यार्टलानं पाइप झाडला, टोपी घेतली आणि तो पावसात बाहेर पडला. गोठ्याचं दार वाजलं.

प्रॉन्शस पदवीधर होता. म्हातारा रागावला असं समजून तो नळ्या पेटीत भरू लागला.

“बसा, मास्तर,” सायवीन म्हणाली. “सांग म्हणालेत ते.”

तिनं सांगितली. आवाज सपाट होता, पण शब्दाला शब्द बापाचा. पाचव्या नळीवर राजपुत्र गंज घासायला बसला. सायवीननं दाराकडे पाहिलं आणि त्याच आवाजात, त्याच संथपणे ती म्हणाली, “बाबा, कोलमन दारात उभा आहे. त्याच्या हातात फेश्टीचं वल्हं आहे.”

प्रॉन्शसनं वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तोवर तलवार लखलखीत झाली होती आणि गोष्ट पुढं निघाली होती. एकूण नऊ नळ्या लागल्या.

ब्यार्टला आत आला तेव्हा अंगाला गाईचा वास होता. “संपली?” त्यानं विचारलं. संपली, असं तिनं सांगितलं. गोठ्यातलं छप्पर गळतंय, असं तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

मार्चमध्ये प्रॉन्शस वही घेऊन परत आला. सगळं शाईनं उतरवलेलं, ओळी सुबक. वर लिहिलं होतं : सांगणारा ब्यार्टला, वय एकाहत्तर. तसं लिहा, असं सायवीननंच बजावलं होतं. मेणाच्या नळ्यांचं काय झालं, ते तिनं विचारलं. उतरवून झालं की नळी तासून पुन्हा वापरतात, असं त्यानं जरा ओशाळून सांगितलं. तिच्या पाचव्या नळीवर आता मेयो परगण्यातल्या एका गृहस्थाचा दातदुखीवरचा मंत्र होता. बरं, असं सायवीन म्हणाली.

मग त्यानं वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हे ऐकलं तसं लिहिलंय, बाई. ठेवू का?”

तिला वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ ते कळलं. “वर बाबांचं नाव आहे ना? मग काढा. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही.”

प्रॉन्शसनं पट्टी लावून ओळीवरून सरळ रेघ ओढली.

“वाचणाऱ्याला खालचं दिसेल?”

“नीट पाहिलं तर दिसेल.”

“मग अजून एकदा ओढा,” सायवीन म्हणाली आणि चहा टाकायला उठली.