रिकामी खेप

मॅडम कुणाकडे चहाला गेल्या तरी पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "डोळे मिटा बघू." मग पर्समधून एक बारीक ब्रश निघायचा, आपल्या तळहातावर नाहीतर मनगटावर टेकायचा आणि प्रश्न यायचा, "लागलं?" खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत मॅडमपुढे डोळे न मिटलेला माणूस शोधून सापडला नसता. दारावर आडनावाची पाटी होती, पण सगळे त्यांना ब्रशवाल्या मॅडमच म्हणत. कातडीला काही लागलं की ते मेंदूला कुठे आणि कसं कळतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मुंबईतल्या एका संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती आणि उरलेली प्रयोगशाळा आमच्या मजल्यावर. अरुणराव, म्हणजे त्यांचे यजमान, गेले आणि मॅडम नाशिकला भावाकडे निघून गेल्या. समोरच्या घरात आता बँकेतलं एक तरुण जोडपं राहतं. चांगलं आहे बिचारं, पण डोळे मिटायला कुणी सांगत नाही.

अवघड गोष्ट सोपी करून सांगायची त्यांना हौस होती. एकदा सोसायटीच्या मीटिंगला कोरम होईना, तेव्हा वेळ काढायला म्हणून त्यांनी आम्हाला मेंदू समजावला. "मेंदूत स्पर्शाची एक पट्टी असते. तिथं प्रत्येक अवयवाला जागा दिलेली असते. पण वाटप आकारावर नाही. ओठांना आणि बोटांना थ्री बीएचके, आणि एवढी मोठी पाठ, तिला वन आरके."

भोईरशेठ पुढच्या खुर्चीवर होते. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या वडलांची भातशेती. त्यांनी लगेच विचारलं, "म्हंजे मेंदूत पन बिल्डर हाय का बाय?"

"आहे ना! आणि अतिक्रमणसुद्धा आहे. एखाद्याचा हात तुटला की हाताचा फ्लॅट रिकामा पडतो. मग शेजारचा गाल भिंत फोडून आत शिरतो."

"मंग आपल्यासारकाच हाय," शेठ म्हणाले आणि त्या दिवसापासून ते मॅडमचे भक्त झाले.

याच भोईरशेठनी एकदा मॅडमना मोठा आनंद दिला. शेठ डोळे मिटून बसले होते, मॅडमनी ब्रश नुसता हवेत धरला आणि विचारलं, "लागलं?" शेठ म्हणाले, "लागला ना बाय! बरोब्बर आंगठ्यावर लागला!" आम्ही हसून हसून बेजार. मॅडम मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "ही रिकामी खेप. दर थोड्या वेळाने एकदा ब्रश टेकवायचाच नाही. आपल्याकडे माणसं समोरच्याचं मन मोडत नाहीत. बाई एवढी राबतेय, तिला वाईट वाटायला नको, म्हणून 'लागलं' म्हणतात. माणूस सज्जन असला की प्रयोग बिघडतो." मला हे एकदम पटलं. माझी सगळी नोकरी न्हावा शेवा बंदरात कस्टममधून माल सोडवण्यात गेली. कंटेनर रिकामा आहे असं कुणी म्हटलं, तरी दार उघडून आत डोकावल्याशिवाय आमच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

माझाही पाय त्यांनी असाच पकडला. नायलॉनचा एक केसासारखा तंतू माझ्या डाव्या तळव्याला कधी लावत होत्या, कधी नुसताच जवळ धरत होत्या आणि मी आपला "लागलं, लागलं" म्हणत होतो. शेवटी म्हणाल्या, "काका, तुमचा डावा पाय थापा मारतो. उद्या शुगर तपासा." तपासली आणि माझा चहा कायमचा फिका झाला. वयाने माझ्याएवढ्याच होत्या, तरी मला काका म्हणायच्या. पण पुढे दर महिन्याला स्वतः येऊन, जमिनीवर बसून माझे तळवे बघायच्या. एवढी शिकलेली बाई आपल्या पायाशी बसते याचा मला संकोच व्हायचा. त्या म्हणायच्या, "पायाशी नाही बसले, कामाला बसलेय."

मग एका सकाळी दाढी करताना अरुणरावांच्या हातातून रेझर पडला. पाणीपुरवठ्यात इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला, दिवसभर कोट्या करणारा हा उंचापुरा माणूस. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोललेलं कळायचं, मान हलवून हो-नाही सांगता यायचं, बास. हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमना समजावायला लागले, तर मॅडमनीच मेंदूच्या फोटोवर बोट ठेवून जागा दाखवली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "काका, इथं फ्लॅट रिकामा झालेला नाही. इमारतच पडलीय."

तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. आसपासचा मेंदू थोडंफार काम शिकून घेतो, असं त्यांचंच म्हणणं होतं. सहा महिन्यांची रजा काढली, ती वाढत वाढत नोकरीच सुटली. दिवसा नर्सिंग ब्यूरोतून आलेली मावशी असायची, पण उजव्या हाताचं काम मॅडम कुणाला देत नसत. खरखरीत टॉवेल, रेशमी रुमाल, कंगवा, गार चमचा, सगळं त्या हातावरून फिरायचं. आमचं दार उघडं असलं की त्यांच्या हॉलच्या ग्रिलला धरून उभ्या असलेल्या मॅडम दिसायच्या. खाली मुलं खेळायची, ते बघत. मी म्हणायचो, "मॅडम, जरा चक्कर मारून या, मी बसतो." त्या म्हणायच्या, "अडकले नाहीये हो मी, थांबलेय." मला त्यांचा राग यायचा. जेलच्या खिडकीला पडदा लावणाऱ्या माणसाचा यावा तसा.

अशात बंगळूरच्या एका संस्थेने त्यांना बोलावलं. स्वतःची प्रयोगशाळा, हाताखाली माणसं. या वयात असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नाही. अरुणरावांना हलवणं शक्य नव्हतं, पण त्यांची धाकटी बहीण इथं येऊन राहायला एका पायावर तयार होती. मॅडमनी स्वतःशी नियम केला आणि मला साक्षीदार ठेवलं, "हात परत येत असेल तर मी इथून हलणार नाही. येत नसेल, तर वर्षभर तरी जाईन."

म्हणून दर रविवारी परीक्षा. मी अरुणरावांच्या डोळ्यांवर रुमाल धरायचो, मॅडम ब्रश टेकवायच्या, "लागलं?" अरुणराव मान डोलवायचे, हो. अंगठ्याला हो, तर्जनीला हो. "काका, करंगळीलासुद्धा आलं!" मॅडमचा चेहरा असा फुलायचा की मला बघवायचं नाही. कारण एक गोष्ट मला दिसत होती आणि त्यांना दिसत नव्हती. बंगळूरला कळवायची वेळ जवळ आली तेव्हा मी विचारून टाकलं, "मॅडम, रिकामी खेप कुठे गेली?"

त्यांनी ब्रश पुसून पर्समध्ये ठेवला. घरी बायको माझ्यावर उखडली, "कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? जगू दे की त्या बाईला." तिचंही बरोबर होतं. पण मॅडमनी दुसऱ्या कुणाला रिकामी खेप गाळू दिली असती का?

पुढच्या रविवारी ब्रश टेकला नाही. "लागलं?" अरुणरावांनी मान डोलवली, हो. पुन्हा ब्रश हवेत. पुन्हा हो. मॅडमनी स्वतः रुमाल काढला. तो माणूस बायकोचा चेहरा तीस वर्षं वाचत आला होता. त्यांना सगळं कळलं.

त्याच्या पुढच्या रविवारी अरुणरावांनी पहिल्याच प्रश्नाला मान आडवी हलवली. अंगठ्याला नाही. तर्जनीला नाही. मॅडमनी तुलनेसाठी डावा तळहात घेतला, हा हात ठणठणीत होता. नाही. गालावर ब्रश फिरवला. नाही. नाही, नाही, नाही, मान इतक्या जोरात की माझ्या हातातला रुमाल सुटला.

"अरुण," मॅडम म्हणाल्या, "गालालासुद्धा?"

अरुणराव त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी जावं असं वाटतं तुला?"

त्यांनी मान डोलवली, हो. डोळे भरून आले होते त्यांचे.

मॅडम उठून स्वयंपाकघरात आल्या. मी मागोमाग गेलो. ओट्याला टेकून म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून हो म्हणत होता. आता मला सोडवायचं म्हणून नाही म्हणतोय. आणि आत्ताचं हे शेवटचं हो, ते कशातलं धरू? लोकांचा खोटेपणा गाळून बाजूला काढणं, हेच मी आयुष्यभर केलं. याच्यातलं काय गाळू?" मग पहिल्यांदाच म्हणाल्या, "अडकले हो मी, काका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंगळूरला नकार कळवला. अरुणरावांनी त्यांच्याकडे आठवडाभर बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आपण एवढं करूनही ही गेली नाही, हा राग. त्या घरात दोन माणसं एकमेकांना बाहेर ढकलत होती आणि दार कुणालाच सापडत नव्हतं. समोर राहून मला एवढंच करता आलं की सकाळी दूध आणि संध्याकाळी औषधं पोचवायची.

अरुणराव त्यानंतर वर्षभर होते. ब्रश पुन्हा दिसला नाही. एका संध्याकाळी औषधं घेऊन गेलो तर मॅडम पलंगाच्या उजव्या अंगाला बसून होत्या आणि तो निर्जीव उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला होता. माझं तोंड गप्प बसत नाही. म्हटलं, "मॅडम, डावीकडे बसा की. तो हात धरलात तर त्यांना कळेल तरी."

त्या हळूच म्हणाल्या, "डावा धरला की लगेच दाबतो तो, काका. मला बरं वाटतंय ना, हेच बघत असतो दिवसभर. दमतो हो. हा धरला की त्याला काही करावं लागत नाही."

अरुणराव टीव्हीवर मॅच बघत होते. कुणीतरी चौकार मारला, तसे ते डाव्या हाताने चादरीवर थाप मारून हसले. आपला हात कुणाच्या हातात आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.