सरळ ग्राफ आणि गेजचा कॉक

उत्तर मोजलेल्या आकड्याच्या जेमतेम पावपट आलं होतं. दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासताना चहा गार झाला, उत्तर मात्र तेच. आणि परवा सिन्नरच्या कंपनीची माणसं रिझल्ट बघायला येणार होती.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. नाशिकला सातपूरच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी सिम्युलेशन सेक्शन होते. सेक्शनमध्ये नव्हते, सेक्शनच होते: मी आणि आठ पीसी. कॉन्ट्रॅक्ट एका वर्षाचं. लॅबचे मालक कुलथे सर यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं की हे पहिलं काम क्लायंटला पटलं तर सेक्शन चालू, नाहीतर पीसी अकाउंट्सला जातील. माझं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

काम असं होतं. सिन्नरची कंपनी हायड्रॉलिक प्रेस बनवायची. प्रेसमध्ये जोर पोचवतं ते तेल, त्यामुळे दाबल्यावर ते किती आकसतं हे डिझाइनला लागतं. जुन्या तेलाचा आकडा त्यांनी मोजलेला होता. नवं तेल अजून बनलंच नव्हतं. तीन पर्यायांतलं कोणतं बनवायचं, ते कॉम्प्युटरवर बघून ठरवायचं होतं. आधी जुन्या तेलाचं उत्तर जुळवून दाखवायचं, मग नव्याला हात घालायचा.

सिम्युलेशन म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एक खोकं कल्पायचं, त्यात तेलाचे काहीशे रेणू भरायचे आणि कोण कोणाला किती ओढतो-ढकलतो याचं गणित सतत करत राहायचं. आतलं प्रेशर वाढलं की खोकं थोडं फुगू द्यायचं, कमी झालं की आकसू द्यायचं. हे कसं करायचं ती सेटिंग म्हणजे प्रेशर कंट्रोल. आता यातली मेख अशी की खोकं किती हलतं, म्हणजे फुगतं-आकसतं, यावरूनच तेल किती दबेल ते काढतात. सहज दबणाऱ्या तेलाचं खोकं जास्त हलतं.

सुरुवातीला मी मोकळी सेटिंग लावली होती. खोकं आपल्या मनाने हलायचं. आठवड्याच्या मीटिंगला सरांनी खोक्याच्या आकाराचा ग्राफ पाहिला. रेघ वर-खाली, वर-खाली.

"हे तेल आहे की हार्मोनियमचा भाता?" सर म्हणाले. "क्लायंटला हे दाखवणार?"

सरांची उमेदीची सगळी वर्षं प्लांटवर गेलेली. हलणारी रेघ म्हणजे बिघाड, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मी तिथेच समजावून सांगायला हवं होतं. पण कॉन्ट्रॅक्ट आठवलं आणि मी "बघते सर" म्हणून मोकळी झाले. दुसरी एक सेटिंग असते, प्रेशरला चुचकारत हळूहळू जागेवर आणणारी. ती लावली, तीही चांगली संथ ठेवून. ग्राफ एकदम सरळ! तेलाची घनता बरोबर आली. सर खूश, मी खूश. पेढे तेवढे वाटायचे राहिले होते.

आणि मग हे पावपट उत्तर. शहाण्या माणसाने आधी स्वतःचं काम तपासलं असतं. मी ठरवून टाकलं की सिन्नरवाल्यांचं मोजमापच चुकलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारका चौकातून एसटी धरली आणि त्यांची चूक पकडायला निघाले.

टेस्ट बेंचवर बोडके अण्णा होते. पन्नाशीचे ऑपरेटर, पहाटे शेतातला भाजीपाला मार्केटला घालून मग ड्युटीवर येणारे. पंप धडधडत होता, पण गेजचा काटा ढिम्म. मी म्हटलं, अण्णा, किती स्थिर आहे हो तुमचं प्रेशर.

अण्णा हसले. "मॅडम, तुम्ही येनार म्हून कॉक आवळलाय मी."

गेजच्या खाली एक बारीक कॉक असतो, छोट्या तोटीसारखा. तो आवळला की तेल गेजपर्यंत जपून-जपून पोचतं आणि काटा हलायचा थांबतो. अण्णांचं म्हणणं, हलणारा काटा दिसला की साहेब लोक लय प्रश्न विचारतात. आकडा मधलाच दिसतो, त्यात खोटं काय नाय. मी विचारलं, मग तुम्हाला स्वतःला पंप तपासायचा असेल तर?

त्यांनी कॉक मोकळा केला. काटा थरथरायला लागला.

"ही पंपाची तब्येत," अण्णा म्हणाले. "आवळल्यावर निसता आकडा ऱ्हातो. तब्येत नाय कळत."

अहो, मी दुसरं काय केलं होतं! साहेबांसाठी कॉक आवळला होता आणि मग त्याच गप्प काट्यावरून तेलाची तब्येत काढत बसले होते. त्या संथ सेटिंगने सरासरी बरोबर ठेवली, पण हलणं दाबून टाकलं. आणि मला मोजायचं होतं ते हलणंच. इतकी लाज वाटली की अण्णांनी दिलेला चहा मी खाली मान घालून प्यायले. त्यांच्या मोजमापाचा विषयही काढला नाही.

दुपारी लॅबमध्ये आले. संथ सेटिंगने खोकं जिथे शांत बसलं होतं, तिथूनच पुढे मोकळी सेटिंग लावली. खरी पद्धत हीच: आधी चुचकारून बसवायचं, मग मोकळं सोडून मोजायचं. रन सुरू केला आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. ग्राफ पुन्हा हलणार, हे आपणच सांगितलेलं बरं.

सरांनी अण्णांच्या कॉकसकट सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी म्हटलं म्हणून तू ती सेटिंग लावलीस?"

"हो सर."

ते पेपरवेट फिरवायला लागले. मला वाटलं, गेले पीसी अकाउंट्सला.

"मोठे साहेब राउंडला आले की मीही कॉक आवळायचो," ते म्हणाले. "पुढच्या वेळी माझ्याशी भांड."

सकाळी उत्तर आलं. मोजलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. मीटिंगमध्ये हलणारा ग्राफ लावला तसा सिन्नरवाल्यांचा डिझाइन इंजिनिअर कपाळाला आठ्या घालून पुढे सरकला. मी तोंड उघडायच्या आत सरांनीच सांगितलं की गेजचा कॉक उघडा ठेवलाय, काटा हलणारच. तो हसला. तिन्ही नव्या तेलांचं काम आम्हाला मिळालं आणि पीसी जागेवर राहिले. मीही राहिले.

माझा धडा साधा आहे. ग्राफ कसा दिसावा हे विचारायच्या आधी आपल्याला मोजायचंय काय, ते विचारावं. पुढच्या आठवड्यात सर माझ्या टेबलापाशी थांबले. स्क्रीनवर नव्या तेलाची रेघ वर-खाली होत होती. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि पुढे गेले.